ट्रॉली उलाळ होतेय : हुकावर वजन नेमकं किती असावं?

ओढ्याकाठचा

मंडळी, गेल्या गुरुवारी थोडक्यात वाचलो, म्हणून हा धागा काढतोय.

आमच्याकडे 50 एचपीचा ट्रॅक्टर आणि दोन चाकी हायड्रॉलिक ट्रॉली आहे. ट्रॉली दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली. हौदा दहा फुटी. त्या दिवशी शेणखत भरलं होतं, पावसात भिजलेलं, जड. जेसीबीवाल्याने मागून बकेट ओतली, ढीग मागच्या फाळक्याकडेच राहिला. घाईत होतो, फावड्याने पुढं ओढायचा कंटाळा केला.

ओढ्यातनं वर येताना चढाला ट्रॅक्टरची मागची टायरं जागेवरच फिरायला लागली. कोरडा मुरमाड रस्ता, चिखल नाही काही नाही. हुकात पिन खडखड वाजत होती. मी रेस वाढवली, एक हिसका बसला आणि ट्रॅक्टर एकदम हलका होऊन पुढं पळाला. मागं वळून बघतो तर ट्रॉलीची दांडी आभाळाकडं आणि फाळका जमिनीवर. तशीच आठ-दहा फूट घासत मागं गेली आणि बांधाला टेकली. मागं माणूस नव्हता हे नशीब. चुलतभाऊ दोन मिनिटांपूर्वी तिथंच चालत होता.

आता कबुली. पिनेच्या जागी गजाचा तुकडा होता आणि त्याला खाली क्लिप नव्हती. त्यावर शिव्या घाला, हक्कच आहे तुमचा. पण माझा प्रश्न वेगळा आहे. पिन वर उडालीच कशी? ट्रॉलीचं वजन हुकावर खाली यायला पाहिजे ना? आणि यायला पाहिजे तर किती?

कडबाकुट्टी

क्लिप लावा आणि विषय मिटवा. आम्ही तीस वर्षं ट्रॉल्या ओढतोय, हुकावर किती किलो हे कुणी मोजलं नाही. हुकावर जास्त वजन आलं तर ट्रॅक्टर तोंड उचलतो, मग बंपरवर दोन माणसं बसवायची. झालं काम.

रानातली_राणी

कडबाकुट्टी दादा, बंपरवर माणसं बसवायचं लिहिलंत ते प्लीज खोडा. बंपरवरचा माणूस घसरला तर थेट पुढच्या चाकाखाली जातो. आमच्या शेजारच्या गावात हे झालंय, जास्त लिहीत नाही.

ओढ्याकाठचा भाऊ, तुमचं वाचून माझ्या सासऱ्यांना दाखवलं. त्यांचं वय 81, हयात बैलगाडीवर गेली. वाचून म्हणाले, "गाडी उलाळ झाली, दुसरं काय." मागं भार जास्त झाला की गाडी उलाळ, पुढं जास्त झाला की धुरजड. बैलाला दोन्ही वाईट. धुरजड गाडीत मान सोलून निघते, खांदा येतो. उलाळ गाडीत जू वर उचललं जातं आणि जुपणीचा (जू बांधायच्या पट्ट्याचा) फास बैलाच्या गळ्याला बसतो. ट्रॅक्टरला गळा नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

गाडी भरून झाली की ते बैल जुंपायच्या आधी जू हाताने उचलून बघायचे. जोर लावून उचललं गेलं पाहिजे, आणि सोडलं की आपोआप खाली आलं पाहिजे. नाही आलं तर एक पोतं पुढं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. चढ आला की गाडीवान सरकून पार पुढं धुरेवर बसायचा आणि उतार लागला की मागं यायचा. मी विचारलं का, तर म्हणाले, "चढाला गाडी आपोआप उलाळ होती." तुमची ट्रॉली सपाटीला बरी होती आणि चढाला गेली, त्याचं कारण हेच असणार. मास्तर इथं असतील तर त्यांनी गणित सांगावं.

माळावरचा_मास्तर

आहे, आहे. सुनबाईंच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. मी 34 वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण बलाच्या घूर्णाचं याहून सुटसुटीत उदाहरण मला वर्गात सुचलं नव्हतं.

आकडे धरू. भरलेली ट्रॉली सगळी मिळून 5000 किलो. हुकापासून ॲक्सलपर्यंत अंतर साडेतीन मीटर. आता सगळ्या वजनाचा मध्य ॲक्सलच्या किती पुढे आहे, एवढाच प्रश्न. 35 सेंटिमीटर पुढे असेल तर हुकावर 5000 गुणिले 0.35 भागिले 3.5, म्हणजे 500 किलो येतात. दहा टक्के. 10 सेंटिमीटरच पुढे असेल तर जेमतेम 143 किलो.

आता ट्रॉली चढावर न्या. ट्रॉलीतल्या वजनाचा मध्य हुकापेक्षा उंच असतो. शेणखताच्या ढिगात ही उंची साधारण एक मीटर धरा. दहा फुटाला एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर तो मध्य एक मीटरच्या एक दशांश, म्हणजे 10 सेंटिमीटर मागे सरकल्यासारखा वागतो. म्हणजे सपाटीला 143 किलो असलेली ट्रॉली त्या चढाला बरोबर शून्यावर येते. त्याहून थोडी जरी मागे भरलेली असेल, तरी दांडी हुकाला खाली दाबण्याऐवजी वर उचलते. वर उचलली की ट्रॅक्टरचं मागचं टायर हलकं होतं, पकड जाते, ते फिरायला लागतं. ओढ्याकाठच्यांनी नेमकं हेच पाहिलं. त्यात रेस वाढवून हिसका दिला आणि सैल गज निसटला.

कडबा भरला तर हिशोब आणखी बिघडतो. उंच गंज असेल तर मध्य हुकापेक्षा पावणेदोन मीटर वर. मग त्याच चढाला तो साडेसतरा सेंटिमीटर मागे जाणार. वजन कमी म्हणून कडबा निर्धास्त भरू नये. उंचीसुद्धा मोजावी.

कडबाकुट्टी

माझ्या नावावरूनच टोमणा मारला का मास्तर? 😄 बंपरवाली ओळ खोडता येत नाहीये इथं, पण मागे घेतो. राणीताईंचं बरोबर आहे.

पण मग सरळ हुकावर टनभर वजन टाकू की. उलाळ व्हायचा प्रश्नच नाही, पकडही मिळेल.

माळावरचा_मास्तर

पकड मिळेल, पण स्टिअरिंग जाईल. 50 एचपीचा ट्रॅक्टर साधारण 2100 किलोचा धरू. पुढच्या चाकांवर 40 टक्के, म्हणजे 840 किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 2.1 मीटर, आणि हूक मागच्या ॲक्सलच्या 70 सेंटिमीटर मागे. प्रमाण बरोबर एकास तीन. हुकावर जेवढं वजन टाकाल त्याचा तिसरा हिस्सा पुढच्या चाकांवरून उचलला जातो.

वरच्याच चढाला 5 टन ओढायला सहाशे किलोच्या आसपास ओढ लागते. हूक जमिनीपासून अर्धा मीटर वर असेल तर ही ओढ पुढून आणखी 143 किलो उचलते. ट्रॅक्टर स्वतः चढावर आहे, त्याचे 75 किलो गेले. राहिले 622. आता सपाटीला हुकावर 1000 किलो असतील तर चढाला 857 उरतात, त्याचा तिसरा हिस्सा 286. पुढच्या चाकांवर 336 किलो, म्हणजे ट्रॅक्टरच्या वजनाच्या 16 टक्के. ट्रॅक्टर वळवता यायचा तर पुढे निदान 20 टक्के हवेत असा ढोबळ नियम आहे. सपाटीला 500 असते तर हीच गोष्ट 24 टक्क्यांवर राहिली असती.

हे सगळं शांतपणे क्लच सोडला तर. हिसका दिलात तर हे आकडे विसरा.

गॅरेज_अण्णा

मी ट्रॉल्या बनवतो, बावीस वर्षं झाली. मास्तरांचं गणित मला कळलं नाही सगळं, पण उत्तर आमच्या अंदाजाला जुळतंय. दोन चाकीला ॲक्सल हौद्याच्या मधोमध टाकायचं नसतं, मधापासून मागं घ्यायचं. किती मागं, हे हौद्याच्या लांबीवर आणि दांडीवर.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, अण्णा, ट्रॅक्टर तोंड उचलतोय, ॲक्सल पुढं घ्या. काही जण घेऊन देतात. तोंड उचलायचं थांबतं आणि ट्रॉली उलाळ होते. तुमची जुनी ट्रॉली आहे म्हणता, तर पहिल्या मालकाने हेच केलं असणार. चेसीखाली वाका आणि बघा, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जुन्या ब्रॅकेटचे वेल्डिंगचे वण दिसतील.

दुसरं, हूक. थ्री-पॉइंटच्या (अवजारं उचलायच्या जोडणीच्या) वरच्या लिंकच्या जागी दांडी अडकवणारे महाभाग मी बघितलेत. ओढ जेवढी उंच तेवढा ट्रॅक्टर मागं पलटी व्हायला मोकळा. पलटी व्हायला सेकंद-दोन सेकंद लागतात, क्लच दाबेपर्यंत ड्रायव्हर खाली असतो. दांडी खालच्या हुकातच पाहिजे.

रॅलेकर

इकडे नॉर्थ कॅरोलायनात माझा विषय ट्रॅक्टर नाही, बोट आहे, पण दुखणं तेच. अठरा फुटी बोट, ट्रेलरसकट 2800 पौंड, म्हणजे 1270 किलो. पिकअप भाड्याने घेऊन फायदा नाही म्हणून एसयूव्हीने ओढतो. पहिल्या उन्हाळ्यात जॉर्डन लेकला निघालो तेव्हा बर्फाची पेटी, दोन बॅटऱ्या, पेट्रोलचा डबा, सगळं बोटीच्या मागच्या टोकाला. ताशी 60 मैलांवर शेजारून मोठा ट्रक गेला, त्याच्या हवेने ट्रेलर जरासा हलला आणि मग हलतच राहिला. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक झोक्याला जास्त. आरशात बोट एकदा या खिडकीत, एकदा त्या खिडकीत. बायकोने माझा दंड धरला होता, त्याचे वळ दोन दिवस होते.

नशिबाने ब्रेक दाबला नाही. फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि 45 मैलांच्या खाली आल्यावर थांबलं. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबला की मागचा ट्रेलर ढकलतो आणि झोका वाढतो. वेग वाढवून सरळ करायचा मोह तर अजिबात नको. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ते हाताने लावतात, माझ्याला नव्हते.

घरी येऊन मोजलं. दांडीचं वजन 110 पौंड, चार टक्के. इकडे 10 ते 15 टक्के सांगतात. सामान पुढे आणलं, आणि ट्रेलरवरचा विंचचा (बोट ओढून बसवायच्या चरखीचा) खांब सरकवून अख्खी बोटच थोडी पुढे घेतली. आता 300 पौंड आहे. तेव्हापासून शेपूट हललेली नाही.

मोजायची युक्ती : न्हाणीघरातला वजनकाटा 300 पौंडांच्या वर जात नाही, म्हणून एक जाड फळी घ्यायची. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्हीकडे फळीखाली पाइपचा तुकडा. दोन पाइपांमध्ये बरोबर तीन फूट. विटेकडच्या पाइपपासून एक फुटावर ट्रेलरची दांडी टेकवायची. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट खरं वजन. फळीचं स्वतःचं वजन आधी काट्यावर बघून वजा करा. चाकांना ओंडके लावायला विसरू नका.

बव्हेरियातले_बापू

रॅलेकर, तुमचे 15 टक्के इथे जर्मनीत कुणाला सांगितले तर वेड्यात काढतील. इथे गाडीच्या हुकाजवळ पाटीवर कमाल वजन लिहिलेलं असतं, माझ्या स्टेशन वॅगनवर 75 किलो आहे. किमान किती, तर ट्रेलरच्या प्रत्यक्ष वजनाच्या 4 टक्के, पण 25 किलोंपेक्षा जास्तीची सक्ती नाही. 1200 किलोच्या ट्रेलरला तुमचे 15 टक्के म्हणजे 180 किलो. माझा हूकच वाकेल.

रॅलेकर

आणि तुम्ही किती वेगाने जाता?

बव्हेरियातले_बापू

80 किलोमीटर. ट्रेलरला 100 ची परवानगी वेगळी घ्यावी लागते, स्टिकर लागतो.

बरोबर, लक्षात आलं तुम्ही का विचारलंत. झोका वेगाबरोबर वाढतो. तुम्ही मोठ्या गाड्यांनी 60-65 मैलांवर जाता, तुम्हाला जास्त राखीव लागतो. आम्ही हळू जातो. तरी आमच्याकडचा प्रत्येक जाणता माणूस हेच म्हणतो की पाटीवर 75 आहे तर 75 च्या जवळ जा, 25 वर समाधान मानू नका.

माझी चूक मात्र सांगतो. घर बदलताना भाड्याच्या ट्रेलरात वॉशिंग मशीन सगळ्यात शेवटी चढवलं, म्हणून ते दाराशी राहिलं. जे शेवटी चढतं ते मागे राहतं आणि जड वस्तू आपण कंटाळा करून शेवटीच चढवतो. ओढ्याकाठच्यांच्या जेसीबीची आणि माझ्या वॉशिंग मशीनची गोष्ट एकच.

रानातली_राणी

दोघांचं वाचायला मजा येतेय, पण आमचा ट्रॅक्टर ताशी वीसने चालतो हो. आमचं मरण झोक्यात नाही, चढ-उतारात आहे.

उताराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. उताराला ट्रॉली मागनं ढकलते. क्लच दाबून किंवा न्यूट्रलला सोडलं तर संपलंच. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनवर उतरायचं. रस्त्यावर आल्यावर ब्रेकची दोन्ही पेडलं पट्टीने जोडलीत का ते बघा. रानात वळायला आपण ती सुटी ठेवतो, आणि तशीच रस्त्यावर आलो की एकाच चाकाला ब्रेक लागतो. ट्रॉली तिरकी येते आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीची कात्री होते. मी स्वतः एकदा केलंय. कठडा होता म्हणून लिहितेय.

कडबाकुट्टी

एक शंका. ऊस वाहणाऱ्या चारचाकी ट्रॉल्या उलाळ का होत नाहीत? मागं लोंबेपर्यंत मोळ्या असतात, आणि एकामागे एक दोन-दोन ट्रॉल्या.

गॅरेज_अण्णा

चारचाकीची दांडी पुढच्या फिरत्या ॲक्सलला बिजागरीवर असते, वर-खाली सैल. ट्रॉलीचं वजन तिची चार चाकंच घेतात, हुकावर दांडीचंच काय ते. त्यामुळं उलाळ नाही आणि धुरजडही नाही. पण मग ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला ट्रॉलीकडनं पकडही मिळत नाही. म्हणून ऊसवाले टायरात पाणी भरतात आणि पुढं बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वजनाच्या प्लेटा लावतात. आणि त्यांचं बघून दोन चाकीवाल्यांनी दोन-दोन जोडू नयेत. दोन चाकी ट्रॉलीमागं दुसरी ट्रॉली म्हणजे वेगळाच खेळ.

ओढ्याकाठचा

मंडळी, उशीर झाला उत्तराला, पण रिकाम्या हाताने आलो नाही.

मास्तरांना फोन करून काट्यावर कसं मोजायचं ते विचारून घेतलं. तसंच शेणखत पुन्हा भरलं, यावेळी फावड्याने सपाट करून, आणि गावाबाहेरच्या वजनकाट्यावर गेलो. आधी ट्रॉली सोडून, दांडीखाली जॅक लावून, अख्खी काट्यावर : 4860. मग ट्रॅक्टर जोडून, ट्रॅक्टर काट्याच्या बाहेर आणि फक्त ट्रॉलीची चाकं वर : 4790. काटेवाला म्हणाला, हे काय चाललंय, पावती एकच मिळेल. दोन पावत्यांचे पैसे दिले.

फरक 70 किलो. सपाट भरून 70! म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही. त्या दिवशी ढीग मागं असताना काय असेल याचा हिशोब मी केलाच नाही, करायची इच्छा नाही.

मग चेसीखाली वाकलो. अण्णा, तुम्ही कसे काय ओळखलंत? जुन्या ब्रॅकेटचे वण अगदी स्वच्छ दिसतात, आत्ताच्या जागेपासून जवळजवळ एक फूट मागं. वर रंग मारलाय.

गॅरेज_अण्णा

रंग सगळे मारतात. ॲक्सल मूळ जागी घ्या. जुन्या वणावरच वेल्डिंग मारू नका, आधी पट्टी टाकून घ्या. पाटे काढलेच आहेत तर यू-बोल्ट नवीन टाका.

माळावरचा_मास्तर

एक फूट म्हणजे 30 सेंटिमीटर धरतो. तुमच्या 70 किलोंवरून वजनाचा मध्य ॲक्सलच्या फक्त 5 सेंटिमीटर पुढे होता असं निघतं. ॲक्सल मागे गेल्यावर तो 35 होईल आणि हुकापासूनचं अंतर 3.8 मीटर. हुकावर 447 किलो यावेत. मोजून सांगा, माझी परीक्षा आहे.

ओढ्याकाठचा

मास्तर, काल झालं काम. आज पुन्हा काट्यावर. सगळी मिळून 4850, चाकांवर 4430. म्हणजे हुकावर 420.

माळावरचा_मास्तर

27 किलो कमी आले. ब्रॅकेट पूर्ण फूटभर मागे गेलं नसणार, किंवा खत थोडं मागे पडलं. पासापुरते मार्क द्या.

ओढ्याकाठचा

ब्रॅकेट साडेअकरा इंच मागं गेलंय, अण्णांनी सांगितलेली पट्टी मधे आली म्हणून. म्हणजे तुम्हीच बरोबर.

ओढ्याचा तोच चढ, तेवढंच खत. दुसऱ्या गिअरमध्ये रेस न वाढवता वर आलो, टायर एकदाही फिरलं नाही. पुढची चाकंही रस्त्यावर होती, वळवून बघितलं. पिन नवीन, क्लिपसकट, आणि दांडीपासून ट्रॅक्टरला एक साखळी वेगळी.

एक बदल झालाय. आधी रिकाम्या ट्रॉलीची दांडी मी एका हाताने उचलून हुकात घालायचो आणि वाटायचं, किती हलकी, छान ट्रॉली मिळाली! आता जॅकशिवाय हलत नाही. आई कालपासून विचारतेय की दुरुस्ती करून आणली का बिघडवून.

रानातली_राणी

सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते विचारतायत, हौदा उचलून खत ओतताना काय करता? ओलं खत आधी फाळक्याशी गोळा होतं, तेव्हा दांडी वर येणारच.

ओढ्याकाठचा

येते. आज बघितलं. हौदा अर्धा वर गेला की पिन टक करून वरच्या जबड्याला लागते, खत सांडलं की परत खाली बसते. क्लिप आहे म्हणून निभावतं. आता सपाट जागा बघूनच ओततो, फाळका आधी पूर्ण उघडतो, आणि पोरांना मागं फिरकू देत नाही. आजोबांना सांगा, त्यांचं पोतं पुढं टाकायचं सूत्र इथं चालत नाही, बाकी सगळं चाललं.